चिंधी बांधलेली झाडं

टेलरमास्तरांना झाडांतलं काय कळत होतं? कपाळ! कापडाचा कोपरा दोन बोटांत चुरगळून सुती किती आणि नकली किती ते डोळे मिटून सांगतील. पण शेवंतीचं रोप आणि गाजरगवताचं रोप शेजारी ठेवा, दोघांनाही सारख्याच मायेने पाणी घालतील. बायको म्हणायची, "अहो, तुम्ही बागेत पाऊल टाकलंत की तणं कशी माना वर काढतात बघा. त्यांना कळतं, आपला माणूस आला."

घर दोघांचं, दुकान मास्तरांचं आणि बाग तिची, अशी सरळ वाटणी होती. बाग म्हणजे काही राजेरजवाड्यांची नव्हे. स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून ते विटांच्या भिंतीपर्यंत जेवढी जागा, तेवढीच. पण त्यात झेंडू, शेवंती, तेरडा, झिनिया, भिंतीला लागून गुलाब आणि नळाजवळच्या ओलीत कर्दळ. सगळं नीट वाफ्यांत, मधून एक माणूस जाईल एवढी पाऊलवाट.

तिचा एक नियम होता. वाफ्यात न पेरलेलं काही उगवलं आणि तिला ते ओळखू आलं नाही, तर ते उपटायचं नाही. त्याला चिंधी बांधायची. चिंधी म्हणजे चौकशी चालू आहे, कुणीही हात लावायचा नाही. टेलरच्या बायकोला चिंध्यांचा काय तोटा? दुकानातली कातरणं बिस्किटांच्या जुन्या डब्यात भरलेली असायची. मग रोज दुपारी, मास्तर दुकानातून येऊन, जेवून आडवे झाले की ती त्या रोपासमोर उकिडवी बसायची. पान उलटं करून त्याची पाठ बघायची. बोटांत चुरडून हुंगायची. "कोण गं तू? कुठून आलीस?" असं अगदी दारात आलेल्या परक्या पोरीला विचारावं तसं विचारायची. बुंध्याशी माती मोकळी करून लहानसं आळं करायची आणि त्यात मगभर पाणी ओतायची.

"अगं, चोराचा पाहुणचार कसला करतेस?" मास्तर आतूनच ओरडायचे.

"चोर आहे की पाहुणा ते कळू तर दे!"

फूल आलं की निकाल लागायचा. चिंधी सुटून डब्यात परत जायची. झाड कामाचं निघालं तर राहायचं. तण निघालं तर मुळासकट उपटून वाटेच्या कडेला आडवं, मुळं उन्हाकडे. आणि गंमत अशी, की एकदा ओळख पटली की ती त्या झाडासमोर परत कधी बसायची नाही. पाणी घालायची, वाळकी पानं काढायची, पण बसणं बंद. मास्तर एकदा चेष्टेत म्हणाले, "तुला अनोळखीच बरे वाटतात." तर म्हणते कशी, "ओळखीच्यांकडे काय बघत बसायचं? ते आहेतच की."

मास्तरांना तेव्हा हसू आलं होतं. पुढे हेच वाक्य त्यांना झोपू देणार नव्हतं, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक.

ती आजारी पडली तेव्हा दुकान बंद होऊन बरेच दिवस झाले होते. मास्तरांच्या उजव्या अंगठ्याचा सांधा धरला होता. सुईत दोरा जाईना, गाठ बसेना. तरी हट्टाने त्यांनी तिच्यासाठी एक गाऊन शिवला, नर्सला सोपं जावं म्हणून पुढून उघडणारा. मोतिया रंगाचं मऊ कापड, त्यावर बारीक निळी रेघ. तुकडा शेवटचा होता आणि इतका बेताचा, की कातरण म्हणून बोटभर उरलं नाही. जी एक पट्टी राहिली तिचा त्यांनी आतून खिसा करून टाकला.

दवाखान्यात नेताना, गाडीत बसता बसता ती थांबली. मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात एक रोप आलं होतं. पानं लवदार, पाठीकडून जांभळट. तिने त्याला हिरव्या छिटाची चिंधी बांधली होती आणि काही केल्या त्याचा पत्ता लागत नव्हता.

"अहो, कोपऱ्यातल्या त्याला फूल आलं की मला सांगा हं."

"सांगतो, सांगतो. आधी पाय आत घे."

ती परत आली नाही. मास्तरांनी हट्ट धरला म्हणून त्याच गाऊनमध्ये तिला निरोप दिला.

लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, उंच इमारतीत, वरच्या मजल्यावर. "बाबा, आता माझ्याकडे चला," हे तिचं पालुपद झालं. मास्तर म्हणायचे, "आधी तिची बाग मार्गी लागू दे, मग बघू." लेकीला कळत होतं की हा नुसता वेळकाढूपणा आहे. बाग मार्गी लावणार कोण? ज्याला तण आणि फूल ओळखता येत नाही तो? शेवटी तिने त्यांच्या फोनमध्ये काहीतरी घालून दिलं. पानाचा फोटो काढला की फोन झाडाचं नाव सांगायचा.

"हे बघा, तेरडा. बरोबर? आणि हे... आंबुशी. हे तण बरं का."

मास्तर लहान पोरासारखे हरखले. लेकीने चेष्टेने फोन त्यांच्याच तोंडावर धरला. फोनने थोडा वेळ गरगर केली आणि लिहिलं: ओळख पटली नाही, जवळून फोटो घ्या.

"घ्या! तुम्ही धड तणसुद्धा नाही," लेक म्हणाली, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच दोघं पोट धरून हसली.

त्याच आठवड्यात चिंध्या सुरू झाल्या.

मास्तर दुपारचे झोपून उठले, चहाचं आधण ठेवलं आणि मागच्या दारात आले, तर झिनियाच्या वाफ्यात एका किरकोळ रोपाच्या गळ्यात चिंधी. सकाळी नव्हती. मास्तरांना वाटलं, आपलीच नजर चुकली असेल. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर आणखी एक, शेवंतीत. दोन्ही रोपांभोवती माती मोकळी केलेली, आळं ओलं. लेकीला फोन लावला, "तू येऊन चिंध्या बांधून गेलीस का गं?" ती ऑफिसात होती. "बाबा, भर दुपारी मी कशाला येऊ? तुम्हीच बांधल्या असतील."

"या अंगठ्याने?"

फोन ठेवून मास्तर वाफ्यापाशी गुडघे टेकून बसले. दिवसाढवळ्या, लख्ख उन्हात, शेजारच्या घरात कुणीतरी भांडी घासतंय आणि मास्तरांच्या मानेवरचे केस उभे राहिलेले. कारण त्यांनी चिंधीचा कोपरा सवयीने दोन बोटांत धरला होता. मऊ सुती. मोतिया रंग. बारीक निळी रेघ. आणि गाठीचा पीळ उलटा, डावीकडे गेलेला. त्यांची बायको डावखुरी होती.

घाबरले का? घाबरले तर. असे झटकन मागे सरले, की धक्क्याने झिनियाची दोन फुलं गळून पडली. पण खरं सांगायचं तर त्या भीतीच्या पोटात दुसरंच काहीतरी होतं. त्यांना आनंद झाला होता. मेला आनंदच झाला! इतके दिवस घर कसं खायला उठत होतं, आणि इथे ती रोज दुपारी येत होती. त्यांच्याकडे नव्हे, तणांकडे येत होती हे खरं. पण त्यात नवीन ते काय? जिवंतपणीही तसंच होतं.

मग त्यांना सुचलं. तिला फोन कुठे चालवता येतो? त्यांनी रोपाचा फोटो काढला, नाव वाचलं आणि वाफ्यासमोर उभं राहून, आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते बघून, हळूच म्हणाले, "अगं, हे गाजरगवत आहे."

दुसऱ्या दिवशी झोपून उठले तर चिंधी नव्हती. गाजरगवत मुळासकट उपटलेलं, वाटेच्या कडेला आडवं पडलेलं, मुळं उन्हाकडे.

मास्तरांनी कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "शाब्बास."

असं सुरू झालं. ती चिंधी बांधायची, मास्तर नाव सांगायचे. घोळ, आंबुशी, हरळी, लाजाळू. आयुष्यभर ज्या माणसाने 'ते हिरवं' यापलीकडे झाडाला नाव दिलं नव्हतं, तो आता जेवताना पानांचे आकार घोकू लागला. दुपारी ते मुद्दाम वेळेवर झोपायचे, कारण जागं राहून पाहिलं त्या दिवशी काहीच घडलं नव्हतं. झोपेत कधी कधी मागच्या अंगणात खुरप्याचा आवाज यायचा, खर्र खर्र, अगदी बेताचा, आणि त्यांना इतकी गाढ झोप लागायची की विचारू नका. लेक आली की म्हणायची, "बाग छान दिसतेय हो!" आणि जरा निरखून त्यांच्याकडे बघायची. चिंध्या तिनेही पाहिल्या होत्या. तिला वाटायचं, बाबा झोपेत उठून आईची कामं करतात आणि त्यांना ते आठवत नाही. तिने डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती, नुसतं सांगितलं नव्हतं.

मग एके दुपारी चिंधी गुलाबाला दिसली.

मास्तर बघतच राहिले. तो गुलाब तिने हाताने लावला होता. लेकीच्या जन्माच्या वेळचा. त्याचे काटे काढता काढता तिची बोटं रक्ताळायची आणि ती त्याला शिव्या देत त्याचे लाड करायची. त्या गुलाबाला चिंधी? चुकून असेल, मास्तर स्वतःला म्हणाले. पण भोवती आळं केलेलं होतं, आणि एक पान उलटं करून, चुरडून, खाली टाकलेलं होतं.

"अगं, हा गुलाब," ते म्हणाले. "तुझा गुलाब. असं काय करतेस?"

चिंधी गेली. पण दुसऱ्या दिवशी ती कर्दळीला होती. मग तेरड्याला. मग एकाच दुपारी अख्ख्या झेंडूच्या वाफ्याला, एकेका रोपाला एकेक. मास्तर या वाफ्यातून त्या वाफ्यात धावत होते आणि नावं सांगत होते, परीक्षेला बसलेल्या पोराला कुणीतरी कानात उत्तरं सांगावीत तशी. "झेंडू, झेंडू, हा पण झेंडूच. ही शेवंती, आठवतं का, तुझ्या बहिणीने रोपं दिली होती. ही झिनिया." त्यांच्या आता लक्षात आलं होतं. ती विसरत चालली होती. जिथे कुठे ती होती तिथे तिचं एकेक सुटत चाललं होतं, शिवण उसवावी तसं, आणि मास्तरांकडे टाका घालायला अंगठासुद्धा धड नव्हता.

झाडं संपल्यावर चिंधी झारीला आली. मग नळाला. मग मागच्या दाराच्या कडीला. "ही कडी. हे आपलं दार. तू उघडायचीस ना, चहा झाला की?" आणि एक दिवस दाराशी ठेवलेल्या तिच्या चपलांना. मास्तरांनी त्या हलवल्या नव्हत्या, धूळसुद्धा झटकली नव्हती. दोन्ही पट्ट्यांना नीट एकेक गाठ. तिच्याच चपला, तिला ओळखू आल्या नाहीत.

मास्तर पायरीवर बसून ढसाढसा रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "तुझ्या आहेत गं बाई. तुझ्याच पायातल्या."

दुसऱ्या दिवशी चपलांच्या चिंध्या सुटल्या होत्या आणि चपला उलट्या फिरवून ठेवल्या होत्या. टाचा घराकडे, अंगठे बाहेर.

त्यानंतर चिंध्या थांबल्या. सगळ्यांची नावं सांगून झाली होती. मास्तर झोपायचे, उठायचे, दारात यायचे. बाग जिथल्या तिथे. खुरप्याचा आवाज नाही. ओलं आळं नाही. फक्त त्या कोपऱ्यातल्या रोपाला तिने जिवंतपणी बांधलेली हिरव्या छिटाची चिंधी तेवढी होती, आणि त्याच्या बुंध्याशी मात्र रोज माती मोकळी केलेली असायची. बाकी कुठेही ती फिरकत नव्हती.

तेव्हा मास्तरांना ते वाक्य आठवलं. ओळखीच्यांकडे काय बघत बसायचं? ते आहेतच की.

त्यांनी कपाळावर हात मारला. अरे गाढवा! बायको रोज दुपारी घरी येत होती, आणि तू एकेक नाव सांगून तिची यायची कारणं संपवलीस! तिला आठवण करून देतोय म्हणून छाती फुगवून घेत होतास, आणि एकेक दार लावून घेत होतास. आता एकच दार उरलं होतं: ते लवदार पानांचं, जांभळ्या पाठीचं, नाव नसलेलं रोप. फोनलाही ते ओळखता येत नव्हतं. फूल दाखवा, म्हणत होता.

आणि त्याला कळी आली होती.

फूल आलं की मला सांगा हं. मास्तरांनी शब्द दिला होता. ते बराच वेळ त्या कळीसमोर उभे राहिले. मग घरात गेले, काजाची बारीक कात्री घेऊन आले आणि दोन्ही हातांनी धरून कळी कापून टाकली.

वाईट वाटलं का? खूप वाटलं. तोंडात कडू चव आली. पण दुसऱ्या दिवशी आळं ओलं होतं, ती येऊन गेली होती, आणि मास्तरांनी मनाला सांगितलं, जाऊ दे. पुन्हा कळी आली, पुन्हा कापली. ते रोज सकाळी पहारा द्यायला लागले. कळी जरा कुठे डोकावली की कात्री. आणि रोज दुपारी त्या रोपाभोवतीचं आळं आदल्या दिवसापेक्षा खोल व्हायचं, पाणी जास्त व्हायचं. त्यांना तिचा स्वभाव ठाऊक होता. याला फूल का येत नाही, कुठे दुखतंय, काय हवंय, म्हणून तिचा जीव खालीवर होत असणार. बिचारी वाकून वाकून पाणी घालत असेल, आणि इकडे आपण. मास्तरांना जेवण जाईना. पण कात्री सुटेना.

अति पाण्याने मुळं कुजली. रोपाने एक दिवस मान टाकली, दुसऱ्या दिवशी ते आडवं झालं. हिरव्या छिटाची चिंधी चिखलात पडली. ती कुणी उचलली नाही, धुतली नाही, डब्यात ठेवली नाही. मास्तरांनी वाट पाहिली. आज उचलेल, उद्या उचलेल. चिखल वाळला, त्याला भेगा पडल्या, चिंधी तशीच.

लेक आली तेव्हा त्यांचा अवतार बघून तिने डोक्याला हात लावला. "बस झालं, बाबा. येत्या रविवारी मी गाडी घेऊन येते. बॅग भरून ठेवा. नाही म्हणायचं नाही."

"नाही म्हणतंय कोण?" मास्तर म्हणाले. खरंच, आता कशासाठी थांबायचं? ज्याची भीती होती ते होऊन गेलं होतं.

रविवारी त्यांनी बॅग भरली. कपडे, कात्री, औषधं. तिच्या चपलाही घ्यायच्या होत्या, पण हात होईना. जेवून झालं. आडवं व्हावंसं वाटेना, म्हणून खुर्ची उचलून मागच्या भिंतीच्या त्या कोपऱ्यात नेली आणि रोप होतं तिथेच, अनवाणी पाय मातीवर टेकून बसले. शेवटचं बघून घेऊ, म्हणाले. ऊन डोक्यावर आलं होतं. पान हलत नव्हतं. झेंडूवर एरवी माशा घोंघावतात, त्यासुद्धा कुठे गेल्या होत्या कोण जाणे. बसल्या बसल्या मास्तरांचा डोळा लागला.

पायांना गार लागलं म्हणून जाग आली.

त्यांनी खाली पाहिलं. त्यांच्या दोन्ही पावलांभोवती माती मोकळी केली होती आणि गोल, नीटस आळं होतं. त्यात पाणी होतं. पाणी हळूहळू मुरत होतं आणि त्यांच्या पायांची बोटं चिखलात बुडाली होती. खुर्चीचे पाय पण थोडे आत गेले होते.

उजव्या मनगटाला चिंधी होती. मोतिया, निळ्या रेघेची. आतल्या खिशाची होती ती. त्यांनी स्वतः घातलेली धावदोरी एका कडेला अजून तशीच होती. गाठ डाव्या पिळाची.

समोर कुणी नव्हतं. म्हणजे दिसत कुणी नव्हतं. पण वाटेलगतच्या शेवंतीची रोपं बाजूला कलली होती, कुणी उकिडवं बसलं की कपड्याने कलतात तशी. मास्तरांचा हात त्यांच्या मांडीवर होता. तो कुणीतरी अलगद उलटा केला, तळवा वर. थोडा वेळ तसाच धरला. मग काहीतरी त्यांच्या कानाच्या पाळीशी आलं. दोन गार बोटांनी पाळी चिमटीत धरली, जराशी चुरडली, आणि अगदी जवळ श्वास घेतल्याचा आवाज झाला, हुंगल्यासारखा.

"कोण रे तू?" ती म्हणाली. "कुठून आलास?"

तोच आवाज. तीच माया. लग्न झाल्यापासून ती त्यांना 'अहो' म्हणत आली होती. रागावली तरी 'अहो', आजारात शुद्ध हरपली तरी 'अहो'. आणि आज हे 'कोण रे तू'. मास्तरांच्या काळजाचं पाणी पाणी झालं. जिभेच्या टोकावर आलं होतं, अगं, मी! दोनच शब्द. ते म्हटले की तिला आठवेल, जसा गुलाब आठवला तसा. ती हसेल, 'अहो, तुम्ही होय,' म्हणेल. चिंधी सोडेल.

आणि मग?

मग ती उठेल. त्यांचं नाव कळलं की तिची चौकशी संपली. पुन्हा कधी ती समोर येऊन बसायची नाही. फार तर वाटेच्या कडेला आडवं करून जाईल, मुळं उन्हाकडे.

मास्तरांनी तोंड मिटलं. दात दातांवर दाबून धरले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही, हात हलवायची भीती वाटली.

फाटकाची कडी वाजली. लेकीची पावलं घराच्या बाजूने मागे येत होती, हातातल्या किल्ल्या खुळखुळत होत्या.

"बा..."

ती कोपऱ्यावर येऊन थबकली. मास्तरांनी डावा हात सावकाश वर केला आणि बोट ओठांवर ठेवलं. एवढ्यावरही ती पुन्हा हाक मारेल म्हणून त्यांनी डोळ्यांनी तिच्याकडे अशी काही विनवणी केली, की पोरीच्या तोंडातला शब्द तोंडातच राहिला. तिने त्यांचे चिखलातले पाय पाहिले. मनगट पाहिलं. बॅग दारातच राहिली.

"कोण रे तू?" समोरून पुन्हा आलं, हळू आवाजात, समजुतीने. मगातून पाणी ओतल्याचा आवाज झाला आणि आळं काठोकाठ भरलं.

मास्तर काही बोलले नाहीत. विचारू दे तिला, उद्याही विचारू दे. फूल यायला अजून पुष्कळ अवकाश होता.